पदरावरचा अर्धा मोर

आमच्या घरात पाण्याचा पेला कधी स्वस्थ बसलेला मी पाहिला नाही. भिवंडीत आमचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली यंत्रमागांचे दोन गाळे होते. माग सुरू असले की फरशीतून एक बारीक थरथर वर यायची आणि पेल्यातल्या पाण्यावर तिची गोल गोल वळी उमटायची. नवीन पाहुणे चहा सोडून त्या पेल्याकडेच बघत बसायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट शुक्रवारी माग बंद असले की कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं आणि आईला कळायचं नाही आपण किती मोठ्यानं बोलतोय ते. माझ्या मुलांची आजही तक्रार असते की मी फोनवर ओरडते. तो आवाज माझा नाही, खालच्या मागांचा आहे. तो माझ्या घशात राहून गेला.

घरात आम्ही चौघं. अप्पा एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, हिशेब लिहायचे. आई घर सांभाळायची आणि शिलाई मशीनवर परकर-पोलकी शिवून द्यायची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी वैशाली, आमची ताई. आणि मी, मंजू, तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. अप्पांची एक सवय सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते प्रत्येक गुणाकाराचा ताळा करायचे, अगदी दूधवाल्याच्या रतिबाचासुद्धा. ताळा जमला नाही तर चूक कुठे झाली ते शोधत बसायचे नाहीत. अख्खा कागद टराटरा फाडून पहिल्यापासून लिहायचे. "चुकलेल्या कागदावर गिरवत बसलं की त्याच्यात आणखी एक चूक घुसते," म्हणायचे. आणि दुसरा त्यांचा अभिमान असा, की ठरल्या वेळेला ठरलेलं काम द्यायचं, मुदत मागायची नाही. "'आज नाही, उद्या देतो' हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही," हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते पाढ्यासारखं पाठ होतं.

ताई बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्समध्ये नापास झाली. बाकीचे विषय सुटले होते. पुन्हा परीक्षेला बसायचं म्हटलं तेव्हा अप्पांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. "नापास ते नापास," एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता. कागद फाडताना जसे असायचे तसेच होते. त्यानंतर ते तिच्या शिक्षणाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि मामा पडघ्याहून स्थळं आणू लागला. ताईनं मात्र कुणाला न विचारता कल्याणला कापडाच्या नक्षीकामाचा सहा महिन्यांचा क्लास लावला. कोन गावावरून जाणाऱ्या बसमधून जाऊन येऊन करायची. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत तिनं आधी फुलं काढली, मग कोयऱ्या, मग मोर.

कॉम्प्युटर घरात आला तोही मामाकडूनच. मामाचा ट्रान्सपोर्टचा धंदा. ऑफिसात नवीन मशीन आलं तेव्हा जुनं अडगळीत पडलं होतं, ते तो टेम्पोत टाकून घेऊन आला. अप्पांनी टेबलाच्या चारी पायांखाली मागावरच्या चिंध्यांच्या जाड घड्या घातल्या, थरथर मशीनला लागू नये म्हणून. मशीन चालायचं, पण त्याच्या आतली जागा फार थोडी होती. ताईच्या चार-पाच नक्ष्या उघड्या ठेवल्या की ते अडायचं. म्हणून आम्ही एक पद्धत बसवली. काम झालं की सगळ्या नक्ष्या एका छोट्या प्रोग्रामनं आवळून फ्लॉप्यांवर ठेवायच्या, मशीनमधून पुसायच्या, आणि पुन्हा हव्या झाल्या की उलगडायच्या. हा प्रोग्राम चित्रांचा नव्हता. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. ताईला तो काळा पडदा आवडायचा नाही. "तोंडावर दार लावून घेतल्यासारखं वाटतं," म्हणायची. मला आवडायचा. एल टाइप केलं की गठ्ठ्यात काय काय आहे त्याची यादी, टी टाइप केलं की तपासणी, एक्स टाइप केलं की उलगडणं. विचाराल तेवढंच उत्तर, जास्त गप्पा नाहीत. अप्पांच्या घरात वाढलेल्या मुलीला हे बरंच ओळखीचं होतं.

या आवळण्यात जादू नाही हे मला ताईच्या नक्ष्यांनीच शिकवलं. काठावर एकच कोयरी दोनशे वेळा येते. माणूस दोनशे वेळा लिहीत बसणार नाही, एकदा लिहील आणि पुढे 'असेच दोनशे' म्हणेल. प्रोग्राम तेच करतो. पदराची जमीन रिकामी असली तर 'इथून तिथवर रिकामं' एवढं लिहून मोकळा. आणि प्रत्येक फाइलच्या शेवटी तो एक आकडा लिहून ठेवतो. उलगडून झालं की पुन्हा बेरीज मांडतो आणि त्या आकड्याशी ताडून बघतो. हे वाचलं तेव्हा मी अप्पांना मुद्दाम सांगायला गेले. "अप्पा, हा ताळा करतो."

"जमला नाही तर?"

"तर ती फाइल ठेवतच नाही. पुसून टाकतो."

"शहाणा आहे," अप्पा म्हणाले. त्या मशीनबद्दल त्यांनी काढलेला पहिला चांगला शब्द.

त्या भाद्रपदात ताईला पहिलं काम मिळालं. युसुफशेठ म्हणून अप्पांच्या ओळखीचे एक मागवाले होते. त्यांनी साडीसाठी जॅकार्ड बसवलं होतं. हे यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणतं. शेठना काठ-पदराच्या बारा नक्ष्या हव्या होत्या, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. पसंत पडल्या तर त्यांच्या कारखान्यात नक्षीच्या टेबलावर बसायला माणूस लागणार होता. ताई घटस्थापनेपासून उठत नव्हती. बारा नक्ष्या पाच फ्लॉप्यांत मावल्या. गठ्ठा मी बांधला. दुसरा संच करायला कोऱ्या फ्लॉप्या उरल्या नव्हत्या, रात्री बाजार बंद, आणि उद्या दसरा. "परवा घेऊ," असं आम्ही दोघी म्हणालो. तपासणी केली, पाचही ठीक निघाल्या. मशीनमधून पुसलं. असं रोजच करायचो.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, आणि आईच्या मते ज्याच्यावर घर चार घास खातं ते हत्यार. पाटावर विळी, सुरी, अप्पांचं पेन, त्यांची सायकलची किल्ली, स्क्रू-ड्रायव्हर, आणि शेजारी शिलाई मशीन. मशीनची लाकडी खोळ काढून आई चाकाला कुंकू लावायची. "मशीनला लावायचं असतं, खोळीला नाही. देव काय खोळीला पावतो?" हे दर वर्षी म्हणायची. त्या वर्षी पाटावर पहिल्यांदाच ताईच्या पाच फ्लॉप्या आल्या. ताईनं ठेवल्या नव्हत्या. ती आंघोळीला गेली होती. आईनं ठेवल्या, पोरीची पहिली कमाई होती म्हणून, आणि सगळ्यांच्या आधी ठेवल्या. ओलं हळदकुंकू, वर अक्षता, झेंडूची पाकळी. मामाही आला होता आपट्याची पानं घेऊन. कॉम्प्युटरवर झेंडूचा हार बघून हसायलाच लागला.

"आक्का, आमच्या हापिसात याला कधी कुनी फूल न्हाय घातलं. हितं येऊन नशीब काडलं त्यानं."

"तुझ्या हापिसात त्याच्यावर धूळ होती. मी पुसला," आई म्हणाली.

जेवायला वालाचं बिरडं, पुऱ्या आणि श्रीखंड होतं. बिरड्याचे वाल आई आदल्या दिवशी एकेक करून सोलायची, तेव्हा बोटांना येणारा तो उग्र वास दोन दिवस जायचा नाही. मामानं दुसऱ्यांदा बिरडं घेतलं आणि वाटी पुसता पुसता विषय काढला. "भावजी, त्या कोनच्या मंडळींचं काय करायचं? पोरगा चांगला हाय. सोताचे दोन टेम्पो हायेत. आयतवारी बघाया येतो म्हंत्यात."

ताई वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण पुरी माझ्या ताटाबाहेर पडली.

अप्पा म्हणाले, "उद्या तिचं काम पोचतंय. पुरं पोचलं आणि पसंत पडलं तर त्यांना सांग, आम्हाला एक वर्ष थांबायचंय. नाही तर रविवारी या."

"अप्पा, लग्नाला माझी ना नाही," ताई म्हणाली, "पण माझ्या हातात माझं काहीतरी असू दे आधी."

"तेच म्हणतोय मी. उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. माग बंद, पेल्यातलं पाणी स्थिर. आम्ही चहात शिळ्या पुऱ्या बुडवून खाल्ल्या आणि आठच्या सुमाराला मी गठ्ठा उलगडायला बसले. निघण्याआधी ताईला बाराही नक्ष्या एकदा डोळ्यांखालून घालायच्या होत्या. पहिली फ्लॉपी उलगडली, दुसरी उलगडली. तिसरी घातली आणि ड्राइव्ह खरवडल्यासारखा वाजायला लागला. सुपारी कातरताना अडकित्ता दगडावर पडला तर जसा वाजेल तसा. पडद्यावर आलं, वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू का? मी 'हो' दाबत राहिले. आवाज तोच. फ्लॉपी बाहेर काढली तर पत्र्याच्या झडपेखालून लाल पाणी वाळल्यासारखा डाग.

त्या एकाच फ्लॉपीची झडप वाकलेली होती, ती नीट मिटत नसे. ताईनं आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, फ्लॉपी बघितली आणि अगदी सहज म्हणाली, "हिचं आतलं दिसत होतं ना. बाकीच्यांना वरच्या वर लावलं, म्हटलं एका तरी खऱ्या अंगाला लागू दे. पाचांच्या वतीनं."

हे सांगताना तिचा चेहरा उजळलेला होता. तिला वाटलं आम्ही विचारतोय ते कौतुकानं. मग तिनं ताईकडे बघितलं.

"तुझ्या देवाला दुसरं काही मिळालं नाही का गं?" ताई म्हणाली. ओरडली नाही. माग बंद होते, त्यामुळे ते हळू बोललेलंही सगळ्या घरभर गेलं. आई मोरीत जाऊन हात धूत राहिली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मी ताईच्या रंगाच्या मऊ ब्रशनं ती चकती पुसली, मागची चकचकीत कडी बोटानं थोडी थोडी फिरवत. पुष्कळसं कुंकू निघालं, डाग राहिला. पुन्हा घातली. आता ती बरीचशी वाचली गेली, एका जागी मात्र अडून बसली ती बसलीच. मी प्रोग्रामला ती जागा सोडून पुढे जायला सांगितलं. चौथी, पाचवी नीट उलगडल्या. शेवटी हिशेब आला. बारापैकी अकरा फाइली ठीक. एकीचा ताळा चुकला, म्हणून ती ठेवलेली नाही. ती सातवी होती, मोराच्या पदराची. शेठनी मुद्दाम सांगितलेली, सगळ्यांत मोठी, ताईचे पाच दिवस खाल्लेली.

अप्पा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. "बारा सांगितल्या होत्या. अकरा म्हणजे काम अपुरं. अपुरं काम घेऊन आपण कुणाच्या दारात जात नाही. मी शेठना फोन करून सांगतो, जमलं नाही म्हणून."

"अप्पा, अकरा चांगल्या आहेत..."

"वैशू, त्यानं अकरा मागितल्या नव्हत्या."

ताईनं वाद घातला नाही. हे मला त्या वेळी सगळ्यांत वाईट वाटलं. ती आत गेली, आणि कपाटातल्या साड्या बाहेर काढून त्यांतली कुठली रविवारी नेसायची ते बघायला लागली. घड्या मोडायची, परत घालायची. तिच्या हाताकडे बघून मला असं झालं की आपण काहीतरी टाइप करत राहिलं पाहिजे, थांबलं तर संपलं.

मी त्या प्रोग्रामलाच विचारलं. प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर मारलं की तो आपल्याला येणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवायचा, पडदे भरभरून. मी त्यातल्या चार-पाचच वापरत आले होते. माणसं तसंच करतात. तिसऱ्या पडद्यावर, तळाशी, एक ओळ होती. तिचा अर्थ साधारण असा: मोडलेली फाइल फेकू नको, आली तेवढी ठेव. मी ती दोनदा वाचली. म्हणजे ताळा चुकला म्हणून त्यानं जे पुसलं होतं, त्यातलं बरंचसं त्याच्या हातात आलेलं होतं. आलेलं होतं आणि तरी त्यानं पुसलं, कारण कुणी ठेव म्हणालं नव्हतं.

आज मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात हिशेब बघते. रोज आवळलेले गठ्ठे येतात, मालाच्या नोंदींचे. ऑफिसातली मुलं माउसनं दोन टिचक्या मारून ते उघडतात. मी अजून काळा पडदा उघडून टाइप करते, म्हणून हसतात. "मॅडम, टिचकी मारा की." मी म्हणते, टिचकी मारली तर तो मला काय काय करू शकतो ते कधी सांगणार? गेल्या महिन्यात एक गठ्ठा वाटेत बिघडून आला. मुलांनी सांगितलं, "करप्ट आहे, गेला." मी त्या ओळीसारखी एक ओळ टाइप केली आणि नव्वद टक्के नोंदी काढून दिल्या. त्यांना वाटलं मला फार येतं. मला फार येत नाही. मला एवढंच माहीत आहे की 'गेला' म्हणण्याआधी यादी शेवटपर्यंत वाचायची.

तर मी हुकूम पुन्हा टाइप केला, या वेळी ती खूण जोडून. पहिली, दुसरी, तिसरी. ड्राइव्ह खरवडला. पण सातवी फाइल आता यादीत होती, आणि तिच्यापुढे बिघडल्याची खूण. ताईला हाक मारायचा मला धीर होईना, म्हणून आधी मीच उघडली. नक्षीच्या त्या फाइलींमध्ये चित्र तळापासून वर लिहिलेलं असतं. त्यामुळे खालून मोर उभा राहिला. पाय, पिसाऱ्याची सगळी जड झालर, पोट, मानेची सुरुवात. आणि मानेवर एकदम खिचडी, रंगीत ठिपक्यांची, मूग-मसूर एकत्र सांडल्यासारखी.

"ताई," मी म्हटलं.

ती आली. पाठीमागे अप्पा आले, टॉवेलनं गाल पुसत. तिघंही पडद्याकडे बघत उभे राहिलो. आई दारात होती, आत येत नव्हती.

"हे कुठून आलं?" अप्पांनी विचारलं. "मघाशी तर नाही म्हणाला ना तो?"

"ताळा चुकला म्हणून फेकत होता. मी फेकू नको म्हणून सांगितलं."

"सांगितलं तर ठेवतो?"

"हो."

अप्पा वाकले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी मोराच्या पायांपासून बघायला सुरुवात केली, जमाखर्चाचं पान बघावं तसं, ओळीनं. पिसाऱ्यातले डोळे त्यांनी बोटानं मोजले. त्यांनी ताईची कुठलीही नक्षी त्याआधी कधी नीट बघितली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ते बराच वेळ तसेच वाकून होते.

"पाय शाबूत आहेत," ते म्हणाले. "पिसारा पुरा आहे. हे सगळं तू चौकोन चौकोन भरलंस?"

"हो."

"डोकं पुन्हा काढता येईल?"

"येईल," ताई म्हणाली. मग तिच्यात काहीतरी परत आल्यासारखं झालं, तिनं खुर्ची ओढली. "पण अकरापर्यंत नाही होणार. दुपार होईल."

"किती दुपार?"

"तीन धरा."

अप्पा सरळ झाले. शर्ट घातला, सगळी बटणं लावली, वरचंसुद्धा, आणि शेजारच्या काकूंकडे फोन करायला गेले. काकूंची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. एरवी मागांच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू यायचं नाही. त्या दिवशी शब्दन्‌शब्द ऐकू आला. अप्पा फोनवर ओरडूनच बोलायचे, आणि त्यांचं हिंदी नेहमी थोडं इस्त्री केलेलं असायचं.

"युसुफशेठ, सलाम. मैं बोलता हूं. मेरी लडकी का काम... नहीं, तैयार है. ग्यारह पूरे हैं. बारहवां, वो मोरवाला, वो आधा है." मग आवाज एवढा खाली आला की तेवढं काही कळलं नाही. "नहीं, उसका कसूर नहीं है. उसने काम टाइम पे किया था. गलती घर की है. हम सबकी है. शेठ, मेरेको..." इथे ते थांबले. आई मोरीच्या उंबऱ्यावर उभी होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "मेरेको चार बजे तक का टाइम चाहिए."

पलीकडे शेठ काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. अप्पा परत आले आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "नमाजनंतर चारला बोलावलंय." वर काही नाही. पण मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मुदत मागताना ऐकलं होतं, आणि ती त्यांनी स्वतःच्या नावावर मागितली होती.

आईनं स्टोव्ह पेटवला. सकाळच्या चहा-पुरीनंतर ताईनं काही खाल्लं नव्हतं. ताईचा उजवा हात माउसवर, डावा कळफलकावर, डोळे मोराच्या मानेवर. दुपारी आई बिरडं-पुरीचा घास करून तिच्यापाशी गेली आणि तोंडापुढे धरला. ताईनं नजर न हटवता तोंड उघडलं. आणखी एक घास. तिसऱ्या घासाला ताई म्हणाली, "मीठ कमी आहे गं."

"कालचंच आहे. काल नव्हतं कमी."

"काल मी जेवलेच कुठे नीट."

आई हसली, आणि मग पदर डोळ्याला लावून मीठ आणायला गेली. अप्पा खिडकीशी बसून होते. दर अर्ध्या तासानं मला विचारायचे, "मंजू, ठेवलंस का?" मी फाइल साठवल्याचं सांगितलं की मान हलवायचे. वीज कधीही जाईल अशी आमची भिवंडी. त्या दुपारी गेली नाही, हे मी आजही वीज कंपनीच्या खात्यावर जमा धरते.

तीनच्या सुमाराला ताईनं माउस सोडला. तोवर कोपऱ्यावरचं दुकान उघडलं होतं. कोऱ्या फ्लॉप्या आणून मी बारा नक्ष्यांचा नवा गठ्ठा बांधला, एक नाही, दोन. आम्ही तिघं चालत गेलो. गठ्ठा अप्पांच्या शर्टाच्या खिशात, वर हात धरून.

युसुफशेठ जाडजूड, हसरे, पानाचा तोबरा सांभाळत बोलणारे. त्यांनी एकेक नक्षी पडद्यावर बघितली. "ठीक. ये भी ठीक. ये काठ जरा मोटा है, चलेगा." मोर आला तेव्हा थांबले. जवळ गेले. ताईनं नवीन डोकं आधीसारखं काढलंच नव्हतं. आधीच्या मोराची मान सरळ वर होती आणि चोच काठाला घासायची. या मोरानं मान मागे वळवली होती, स्वतःच्याच पिसाऱ्याकडे.

"ये पीछे क्या देख रहा है?" शेठनी विचारलं.

"काम बराबर हुआ की नहीं, वो देखता है," ताई म्हणाली. "सुबह से उसका बहोत हाल हुआ शेठ."

शेठ एवढे हसले की त्यांना उठून बाहेर पान थुंकून यावं लागलं. आत आल्यावर अप्पांना म्हणाले (हिशेबनिसाला तिकडे मेहताजीच म्हणतात), "मेहताजी, आपने सुबह टाइम मांगा तो मैं समझा घर में कोई बीमार है. बीस साल में आपने टाइम मांगा नहीं कभी." शेठ ताईकडे वळले. "शनिवारपासून ये. टेबल खिडकीपाशी लावून देतो. दिवसाची ड्युटी, रात्रीची नाही. और घर में बोल देना, कुंकू इधर मशीन को लगाने का, हां? फ्लॉपी को नहीं." अप्पांनी त्यांना कुंकवाचंसुद्धा सांगितलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

घरी येताना वाटेत अप्पांनी बूथवरून मामाला फोन लावला. "थांबायचं म्हणून कळव त्यांना," एवढंच म्हणाले. पलीकडून मामाचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. "बरं झालं. पोरीच्या डोळ्यात न्हवतं ते काल, मी बघितलं. पर माझा कंप्यूटर नीट हाय ना?"

ताई पुढे सहा वर्षं त्या टेबलावर बसली. लग्न तिनं नंतर केलं, तिला हवं तेव्हा. फिजिक्सचा पेपरही दिला. त्या फॉर्मवर सही करताना अप्पा फक्त म्हणाले, "एकच राहिला होता ना." अप्पा आता नाहीत. त्या मोराच्या साड्या किती विणल्या गेल्या मला माहीत नाही, पण कल्याणच्या एका लग्नात अनोळखी बाईच्या खांद्यावर मान मागे वळवलेला तो मोर मी एकदा पाहिला. मी तिच्या मागे मागे दोन पंगती फिरले.

मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या दसऱ्याचं. सकाळी आईनं पाट मांडला. विळी, सुरी, पेन, किल्ली. शिलाई मशीनची खोळ काढली. कॉम्प्युटरला लांबूनच हात जोडले. ताईच्या फ्लॉप्यांचा डबा तिनं मागेच उचलून कपाटावर ठेवला होता, आपला हात तिथवर पोचू नये इतका वर. कुंकू कालवून ती बसली होती, बोट ओलं, आणि पाटाकडे बघत काहीतरी कमी आहे अशी घुटमळत होती. ताई कामावर निघायच्या तयारीत होती. ती स्टुलावर चढली, डब्यातून तिसरी फ्लॉपी काढली. ती आम्ही फेकली नव्हती. झडप वाकलेली, आत गेल्या वर्षीचा लाल डाग. तिनं ती पाटावर मधोमध ठेवली, पेनाच्या शेजारी.

आईनं हात मागे घेतला. "नको गं बाई."

"लाव," ताई म्हणाली. "हिच्यात जे होतं ते काढून घेतलंय आम्ही. हिला आता काही होत नाही."

"कुठे लावू?"

ताईनं अंगठ्यानं ती वाकडी झडप बाजूला सारली आणि धरून ठेवली. "आत. खऱ्या अंगाला."

ती फ्लॉपी आता माझ्याकडे आहे. ती वाचेल असं मशीन आमच्या घरात काय, नात्यातही कुणाकडे उरलेलं नाही. दर दसऱ्याला मी ती पाटावर ठेवते, लॅपटॉपच्या शेजारी, आणि लॅपटॉपला लांबूनच नमस्कार करते. कुंकू हिला. झडप सारायला ताई येते.